दोनशे मीटर लिहिलंय, पण बुडवायचं का?

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्री ओलांडला की उतार कोकणाकडे लागतो, पण तो आपल्या हद्दीत येत नाही. तरीही नगरच्या कापड बाजारापासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत मनगटांवर पाणबुड्यांची घड्याळं दिसतात. जाड केस, काळी तबकडी, भोवती साठ मिनिटांचे आकडे कोरलेली फिरती कडी आणि तळाला बारीक अक्षरांत २०० मीटर. बहुतेकांनी ती दिसायला आवडली म्हणून घेतलेली असतात, आणि त्यात गैर काही नाही. पण घेताना प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच : "पाण्यात चालेल ना?" दुकानदार क्षणभरही न थांबता सांगतो, "वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त!" प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विहीर असते, उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाऊस.

लाखभर रुपयांच्या स्विस घड्याळाबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही; ते घेणारा माणूस सहसा विहिरीत उडी मारत नाही. खरा प्रश्न दोन हजारांपासून तीस हजारांपर्यंतच्या घड्याळांचा आहे. त्यांच्यावर पाण्यात भरवसा ठेवावा का, आणि ठेवायचा तर कशाच्या जोरावर?

आधी पाणी कुठलं ते पाहू. इथल्या पोरांचं पोहणं विहिरीत सुरू होतं. पाठीला पत्र्याचा डबा किंवा भोपळा बांधून आणि काठावरच्या मोठ्या माणसांच्या शिव्या खाऊन. खोली परसात मोजायची जुनी पद्धत अजून गेलेली नाही. आठ-दहा परस म्हणजे पन्नास-साठ फुटांची विहीर इकडे काही विशेष नाही. दुसरं पाणी शेततळ्याचं. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हापासून, आणि फळबागांमुळे त्याही आधीपासून, प्लास्टिकचा कागद अंथरलेली ही चौकोनी तळी गावोगाव झाली. तिसरं पाणी धरणांचं : भंडारदरा, निळवंडे, मुळा, आणि शेवगाव-नेवाशाच्या कडेला येऊन टेकलेला जायकवाडीचा फुगवटा. चौथं पाणी सुट्टीतलं. तारकर्ली-मालवणला जाऊन पाठीवर सिलिंडर बांधून घेण्याची हौस नगरकरांनाही आता पुरेशी लागली आहे.

आता हिशेब. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. पंधरा मीटरची विहीर काठोकाठ भरलेली असली तरी तळाशी वाढीव दाब दीड बार. शेततळं चार-पाच मीटरचं धरलं तर अर्धा बार. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याची उंची ८२ मीटर. धरण तुडुंब भरलेलं असताना भिंतीच्या पायथ्याशी दोरीने घड्याळ सोडलं, तरी दाब आठ-सव्वाआठ बारच्या पलीकडे जाणार नाही. म्हणजे आकड्यांवरच जायचं तर '१० बार' किंवा '१०० मीटर' लिहिलेलं, दोन-तीन हजारांचं घड्याळ या पाण्यांना पुरून उरतं. तरीही विहिरीत उतरलेली घड्याळं आतून वाफ धरून मरतात. मग घड्याळाला मारतं कोण? दाब तर नव्हे.

तबकडीवरचा आकडा नेमकं काय सांगतो, हे इथे पाहायला हवं. घड्याळांसाठी दोन वेगवेगळी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत आणि बाजारात त्यांची सरमिसळ होते. साध्या जलरोधक घड्याळांसाठीचं मानक आयएसओ २२८१०, २०१० सालचं. त्यानुसार उत्पादकाने घाण्यातली काही नमुना घड्याळं तपासली तरी चालतात. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचं मानक आयएसओ ६४२५. ते १९८२ साली आलं, १९९६ आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. इथे नमुना चालत नाही, प्रत्येक घड्याळ तपासावं लागतं. शंभर मीटरपेक्षा कमी मर्यादेचं घड्याळ या मानकात बसतच नाही, आणि लिहिलेल्या मर्यादेपेक्षा पंचवीस टक्के जास्त दाब त्याने सोसून दाखवावा लागतो. शिवाय चाळीस अंश, पाच अंश आणि पुन्हा चाळीस अंश अशा पाण्यांत आळीपाळीने बुडवणं, मिठाच्या पाण्यात ठेवणं, पट्टा ओढून पाहणं, चुंबकाजवळ नेणं, आपटणं. आणि अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, घड्याळ चालू आहे हेही दिसलं पाहिजे. हे सगळं पार केलेल्या घड्याळावर इंग्रजीत 'डायव्हर्स २०० मीटर' असं लिहिता येतं. नुसतं 'वॉटर रेझिस्ट २०० मीटर' लिहिलेलं असेल तर उत्पादकाने या मानकाचा दावा केलेला नाही, एवढं समजावं. ते घड्याळ वाईट आहे असा त्याचा अर्थ नव्हे. तुमच्या हातातला नग स्वतः त्या परीक्षेला बसला होता याची हमी नाही, इतकाच.

या मानकातली एक चाचणी घरी करता येते आणि ती प्रत्येकाने एकदा करून पाहावी. घड्याळ हाताला चांगलं गरम लागेल इतपत तापवायचं, म्हणजे चाळीस ते पंचेचाळीस अंश. नगरच्या मे महिन्यात त्यासाठी काही खटाटोप लागत नाही. दुपारी सावलीतल्या पत्र्यावर ठेवलं तरी भागतं. मग काचेवर माठातल्या पाण्याचा एक थेंब सोडायचा, मिनिटभर थांबायचं आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. थेंब होता तिथे काचेच्या आतून धुक्याचा डाग उमटला तर घड्याळात आधीच ओल शिरलेली आहे. डाग नसेल तर निदान आजपर्यंत ते कोरडं राहिलंय. घड्याळ उद्याही पाणी अडवेल, असं मात्र ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी दाबाचं यंत्र लागतं : बंद भांड्यात हवेचा दाब वाढवून केस किती दबते आणि तशीच दबलेली राहते का, हे मोजणारं. कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते असतं. गल्लीतल्या टपरीवर ते नसतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते. त्याकडे वळण्याआधी उडीचा प्रश्न मिटवून टाकू.

घड्याळप्रेमींमध्ये एक ठाम समज आहे : आकडे स्थिर पाण्याचे असतात, हात हलला की दाब कित्येक पटींनी वाढतो, म्हणून तीस मीटरचं घड्याळ हात धुतानाही जातं. हा समज कागदावर टिकत नाही. वेगामुळे येणारा दाब हा पाण्याच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळतो. पोहणारा हात फार तर सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरतो असं धरलं तर तो दाब येतो बारचा आठवा हिस्सा, म्हणजे सव्वा मीटर पाण्याइतका. विहिरीच्या कठड्यावरून दहा मीटर खाली मुटका मारला तर पाण्याला लागताना वेग सेकंदाला चौदा मीटर होतो, आणि त्याचा दाब बरोबर दहा मीटर पाण्याइतका, एक बार. हा योगायोग नाही. जितक्या उंचीवरून पडाल तितक्याच खोलीच्या पाण्याचा दाब वेगातून तयार होतो. काच सपाट आपटली तर क्षणापुरता धक्का याहून बराच मोठा बसतो, म्हणून मनगट आडवं करून उडी मारू नये. पण सूर मारताना तीस मीटरचं नवंकोरं घड्याळ निव्वळ वेगामुळे फुटत नाही.

कळीचा शब्द आहे 'नवंकोरं'. चाचणी होते ती नव्या घड्याळाची, नव्या रबराची, चावी नीट बसलेली असताना आणि खोलीच्या तापमानाला. तीस मीटर लिहिलेलं घड्याळ घालून पोहू नका, असं कंपन्या स्वतःच माहितीपत्रकात छापतात. भौतिकशास्त्र त्यांनाही येतं. पण दोन वर्षांनी त्या रबराचं काय होईल, याची खात्री त्यांना देता येत नाही.

रबराचा पहिला शत्रू आपलं ऊन आहे. मे महिन्यात दुचाकीवरून आलेल्या माणसाच्या मनगटावरचं स्टीलचं घड्याळ सहज पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलेलं असतं. तो कपडे काढतो आणि विहिरीत उडी घेतो. पाणी पंचवीस-सत्तावीस अंशांचं. घड्याळाच्या आतली चिमूटभर हवा एकदम थंड होते, तिचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास उतरतो, म्हणजे अर्धा मीटरभर पाण्याइतकी ओढ आतल्या बाजूने लागते. त्याच वेळी रबरही आकसतं. रबर ताजं असेल तर हे सगळं त्याच्या लेखी काहीच नाही. कडक झालेलं, चिरलेलं असेल तर आत जायला एक थेंब पुरतो. समुद्राचा पाणबुड्या हळूहळू खाली जातो, त्याचं घड्याळही पाण्याबरोबर निवत जातं. आपल्या विहिरीचा झटका अधिक अचानक असतो. मानकात चाळीस-पाच-चाळीसची चाचणी का घातली आहे, हे नगरच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये.

याहून वाईट म्हणजे आंघोळ. बंबाचं कढत पाणी, साबण, शांपू. उष्णतेने रबर सैल पडतं आणि साबणाने पाण्याचा ताण कमी होऊन ते एरवी जाणार नाही अशा फटीतून जातं. विहिरीत वर्षानुवर्षं टिकलेलं घड्याळ न्हाणीघरात मेलं, तरी मालक दोष विहिरीलाच देतो.

पाणबुडी मोटार खोलणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला हे सगळं ठाऊक असतं. मोटार वर काढली की वाइंडिंग बघण्याआधी तो सील आणि ओ-रिंग बघतो, आणि एकदा खोललेली ओ-रिंग परत बसवत नाही. नवी टाकतो, ग्रीस लावतो, मगच बोल्ट आवळतो. तीन हजारांच्या घड्याळाला ही काळजी आपण घेत नाही. सेल संपला की एसटी स्टँडजवळच्या टपरीवर उभ्या-उभ्या बदलून घेतो. ते काम एकदा शेजारी उभं राहून बघा. मागच्या झाकणाच्या खाचेत चाकूचं टोक जातं, झाकण टक्कन उडतं, त्याला चिकटलेली काळी बारीक कडी ताणून टेबलाच्या रबरी चटईवर पडते. चिमट्याने सेल बदलला जातो, सेकंदकाटा हलतो, गिऱ्हाइकाला दाखवला जातो. मग तीच कडी बोटाने खोबणीत दाबतात. कुठे बसली, कुठे बाहेर राहिली, हे कोण बघतो! घामाचा आणि त्वचेचा काळा मळ खोबणीत तसाच. दोन अंगठ्यांनी झाकण दाबलं की काम झालं. खर्च शंभर रुपयांच्या आत, वेळ दोन मिनिटं. त्या क्षणापासून तबकडीवरचा २०० हा आकडा नुसता नक्षीपुरता उरतो.

म्हणून माझं मत असं की स्वस्त घड्याळावरचा भरवसा कंपनीच्या नावावरून किंवा आकड्यावरून ठरवू नये. त्याचं झाकण शेवटचं कुणी उघडलं आणि कसं मिटलं, यावरून ठरवावा. त्या दृष्टीने बाजाराकडे पाहिलं तर नेहमीचा क्रम बराच उलटापालटा होतो.

किमतीने सर्वांत खाली कॅसिओची प्लॅस्टिकची डिजिटल घड्याळं. एफ-९१ डब्ल्यू हे १९८९ पासूनचं सर्वांच्या ओळखीचं मॉडेल. त्यावर नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं असतं. ते पावसासाठी, विहिरीसाठी नाही, जरी हजारो पोरांनी त्याला विहिरीत नेऊन परत आणलं असलं तरी. त्याच्या थोडं वर डब्ल्यू-८०० एच आणि एई-१२०० डब्ल्यूएच. दोन्ही १०० मीटरची, आणि दोन्हींचा सेल दहा वर्षं चालतो असा कंपनीचा दावा. दहा वर्षं झाकण उघडायचं नाही, म्हणजे दहा वर्षं टपरीकडे जायचं नाही! दिसायला ती कुणाला पाणबुड्याची वाटणार नाहीत, फिरती कडी नाही, रुबाब नाही. पण विहीर, शेततळं आणि धरणाचा काठ यासाठी याहून शहाणी खरेदी मला दिसत नाही. पाण्याखाली बटणं मात्र दाबायची नाहीत. प्रत्येक बटण म्हणजे केसला पाडलेलं एक भोक असतं आणि दाबताना तिथलं रबर सरकतं.

त्यानंतर कॅसिओचंच एमडीव्ही-१०६, ज्याला सगळे 'ड्यूरो' म्हणतात. स्टीलची केस, आट्यांवर फिरवून बसणारी चावी, एकाच दिशेने फिरणारी कडी, २०० मीटर, आणि किंमत साधारण पाच ते आठ हजारांच्या घरात. बिल गेट्सच्या हातात ते दिसल्यापासून त्याची कीर्ती वाढली. त्यावर 'डायव्हर्स' लिहिलेलं नाही, म्हणजे ६४२५ चा दावा नाही. तरी बांधणी इमानदार आहे. यातला कच्चा दुवा दर दोन-तीन वर्षांनी लागणारा सेल. तो टपरीवर बदललात तर आट्यांची चावी काय कामाची? झाकणाचं रबर बदलून, सिलिकॉन ग्रीस लावून आणि दाबाची चाचणी करून घ्यायची असेल तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, आणि त्यासाठी तालुक्याच्या माणसाला नगर, नाशिक किंवा पुण्याची फेरी पडते. घड्याळाच्या किमतीत ही फेरी आधीच धरून चालावं.

वीस हजारांच्या पुढेमागे सिटिझनचं प्रोमास्टर येतं. हे नाव आपल्याकडे परकं नाही. १९६१ साली एचएमटीने बंगळुरात घड्याळं काढायला सुरुवात केली ती सिटिझनच्याच सहकार्याने. प्रोमास्टरचं ईको-ड्राइव्ह यंत्र उजेडावर चालतं, म्हणून सेल बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि त्यावर 'डायव्हर्स २०० मीटर' हे शब्द ६४२५ नुसार असतात. बंद केस आणि नगाला नग तपासणी, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणारं हे मला माहीत असलेलं सर्वांत किफायतशीर घड्याळ. सिटिझनच्या एका जुन्या घड्याळाची गोष्ट कंपनी अभिमानाने सांगते : १९७७ सालचं चॅलेंज डायव्हर १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लाँग रीफच्या किनाऱ्यावर शिंपल्यांनी मढलेलं सापडलं आणि तरी चालत होतं. जाहिरातीसाठी अशा गोष्टी बऱ्या. पण ते घड्याळ समुद्रात असेपर्यंत त्याचं झाकण कुणी उघडलं नव्हतं, हे माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

सेकोचं एसकेएक्स-००७ हे १९९६ ते २०१९ पर्यंत चाललेलं या वर्गातलं लाडकं मॉडेल. आता ते जुन्या बाजारातच मिळतं आणि तिथे सुटे भाग जोडून तयार केलेल्या नगांचा सुळसुळाट आहे. सेकोला पाणबुड्यांचं ऐकण्याची परंपरा आहे. १९६८ साली हिरोशिमा भागातल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने घड्याळं खोल पाण्यात टिकत नाहीत अशी तक्रार पत्राने कळवली, त्यावर काम करून १९७५ मध्ये कंपनीने ६०० मीटरचं टायटॅनियमचं घड्याळ काढलं. रशियाचं व्होस्टोक अँफिबिया १९६७ पासूनचं आणि अजूनही स्वस्त. त्यातली युक्ती मला फार आवडते. काच जाड अ‍ॅक्रिलिकची, दाब वाढला की ती उलट घट्ट बसते. आणि मागचं झाकण स्वतः फिरत नाही, बाहेरची वेगळी कडी त्याला दाबते, त्यामुळे रबर पिळलं जात नाही. महागड्या यंत्रसामग्रीशिवाय पाणी अडवायचं कसं, याचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुणाला सुचलेलं दिसत नाही. इकडे मात्र त्याला दुरुस्तीवाला मिळणं अवघड.

आणि एक वर्ग असा की ज्याला पाण्याजवळही नेऊ नये. मुंबईत स्विस फाव्हर-ल्यूबाचा व्यापार एकोणिसाव्या शतकापासून; सी चीफ, सी किंग ही त्यांची घड्याळं आपल्याकडे लग्नात जावयाला देण्याच्या लायकीची मानली जात. याच कंपनीने १९६८ साली 'बाथी' नावाचं, खोली दाखवणारं यांत्रिक घड्याळ काढलं होतं. आज 'सी किंग' म्हणून जुन्या बाजारात जे चमचमीत मिळतं, त्यातल्या बऱ्याच घड्याळांची तबकडी मुंबईत नव्याने रंगवलेली असते, चावी भलतीच, झाकण घासून चकचकीत केलेलं. परदेशातल्या संग्राहकांनी याला 'बॉम्बे स्पेशल' असं नावच देऊन ठेवलं आहे. नावात समुद्र असला तरी घासलेल्या झाकणाखाली रबर नीट बसत नाही. आजोबांचं एचएमटी जनता किंवा पायलट असेल तर तेही पावसात खिशात जावं. फर्स्ट कॉपीबद्दल काय सांगायचं! त्यांच्या कड्या दोन्ही बाजूंना फिरतात आणि आट्यांसारखी दिसणारी चावी नुसती ओढली तरी निघते. दुकानात उभं राहून एवढं तपासलं तरी निम्मा बाजार गळतो.

कडी एकाच दिशेने का फिरावी, हे कळलं की खऱ्या बुडीचा विषय निघतो. सिलिंडर घेऊन खाली जाणाऱ्याच्या रक्तात दाबामुळे नायट्रोजन विरघळत जातो. ठरावीक वेळेपेक्षा जास्त खाली राहिलं आणि एकदम वर आलं तर तो बुडबुडे होऊन बाहेर पडतो, सांध्यांत, मेंदूत, कुठेही. पाडी या संघटनेच्या तक्त्यानुसार अठरा मीटरवर ही मर्यादा ५६ मिनिटं, तीस मीटरवर अवघी २०. उतरताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती मिनिटं झाली ते कडीच सांगते. कशाला घासून ती चुकून फिरली तर गेलेला वेळ जास्त दाखवेल, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, एवढंच नुकसान. १९५३ साली फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी ब्लांपॅंने फिफ्टी फॅदम्स बनवलं, त्याच सुमारास रोलेक्सचं सबमरिनर आलं. आजच्या पाच हजारांच्या घड्याळाचा चेहरामोहरा तिथून आलेला आहे.

पण आज हे काम घड्याळ करत नाही. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर खोली आणि वेळ दोन्ही क्षणाक्षणाला मोजून किती मिनिटं उरली ते सांगतो. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे किंवा मालवणला जे पर्यटक पहिल्यांदा उतरतात, त्यांची बुडी सहसा दहा मीटरच्या आतच आटोपते आणि त्यांना धरून प्रशिक्षक सोबत असतो. अशा बुडीत घड्याळ हौसेपुरतं. ड्यूरो घालून खुशाल जा, फक्त चावी आट्यांवर पूर्ण बसली आहे का ते बोटीत चढण्याआधी बघा, आणि वर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. मीठ कडीखाली सुकलं की ती फिरेनाशी होते. घड्याळांना पाणी लागण्याचं एक नेहमीचं कारण ही अर्धवट उघडी राहिलेली चावी आहे, आणि त्यात किंमत आडवी येत नाही.

परवानाधारक होऊन पुढे स्वतः उतरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, जी समुद्रावरच्या वर्गात नगरच्या माणसाला सहसा वेगळी काढून सांगितली जात नाही. भंडारदरा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. तीनशे मीटरच्या वरच्या पाण्यात बुडी मारायची तर नेहमीचे तक्ते चालत नाहीत, उंचीसाठी दुरुस्त केलेले लागतात. वर हवेचा दाबच कमी, म्हणून वर येताना फरक जास्त पडतो आणि नायट्रोजनचं गणित बिघडतं. घड्याळाच्या केसला या उंचीने काही होत नाही. ते घड्याळ बघून मिनिटं मोजणाऱ्या माणसाला होतं. दोनशे मीटरचं घड्याळ आहे म्हणून कुणी धरणात हौशी बुड्या मारायला निघाला, तर त्याने उत्तर भलत्याच प्रश्नाचं पाठ केलंय.

या जिल्ह्यात पाण्याखाली खरोखर काम करणारे लोक वेगळेच आहेत. विहिरीत अडकलेला फुटबॉल (शेतकरी फूटव्हॉल्व्हला हेच म्हणतो) सोडवायला दम धरून खाली जाणारा गडी, विसर्जनाच्या दिवशी काठावर उभे राहणारे पट्टीचे पोहणारे, बुडालेल्याचा शोध घेणारी पथकं. त्यांच्या धोक्याचं खोलीशी नातं कमीच असतं. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुकजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. तिथे जीव घेतला तो ओढीने आणि भोवऱ्याने. शेततळ्यातही तसंच : पाणी पुरुषभरच उरलेलं असलं तरी प्लास्टिकवर पाय ठरत नाही म्हणून पोहता येणाराही वर येऊ शकत नाही. तिथे काठाला कायमचा बांधलेला दोर हवा, आणि तो कुठल्याही घड्याळापेक्षा स्वस्त पडतो.

तेव्हा घड्याळ घ्यायला निघालेल्याने आधी पाणी ठरवावं. विहीर, शेततळं, कॅनॉल, पावसातली दुचाकी एवढंच असेल तर दहा वर्षांच्या सेलचं, १०० मीटरचं डिजिटल. काट्यांचं आणि देखणं हवं असेल तर ड्यूरो. पण सेल बदलताना टपरीवाल्याकडून न चुकता नवं रबर मागायचं, त्याच्याकडे नसेल तर घड्याळ बंद ठेवायचं आणि पुढच्या नगर-पुण्याच्या कामात ते उरकायचं. स्कूबाचं शिक्षण पुढे न्यायचं मनात असेल तर घड्याळावर वीस हजार घालण्याआधी तेवढ्याच किमतीत सुरुवातीचा डाइव्ह कॉम्प्युटर येतो का बघावं, आणि येतो. सोबतीला राखीव म्हणून जुनंच घड्याळ चालतं, त्याचं रबर बदललेलं असलं म्हणजे झालं. रबराची कडी आणि ग्रीस मिळून खर्च दोनेकशे रुपयांचा असतो. काम आपल्यासमोर करायला सांगावं, आणि खोबणीतला मळ आधी पुसायला लावावा.